मामाकडची पिवळी

आमच्या मामाच्या गावच्या वाचनालयाने त्याच्यावर स्मरणिका काढायचं ठरवलंय. मामा गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण गावाला आता कुठे त्याची थोरवी उमगली आहे. चिटणीसांचा फोन आला. म्हणाले, “ताई, एवढा जग हिंडलेला कलावंत आपल्या छोट्याशा गावातून निघाला. भाचीच्या नजरेतून चार शब्द द्या. घरगुती आठवणी हव्यात, जिव्हाळ्याच्या.” मी बरं म्हटलं. आता लिहायला बसल्यावर आठवणी भराभर येताहेत, जिव्हाळा मात्र शोधूनही सापडत नाही. छापायचं की नाही ते चिटणीसांनी बघावं.

मामा म्हणजे आईचा धाकटा आणि एकुलता एक भाऊ. आई लग्न होऊन मुंबईला आली आणि पाठोपाठ तिचे आईवडील गेले. गावचं घर चुलत्यांनी घेतलं. राहता राहिलं ते आईचं माहेर म्हणजे हा एवढा एक माणूस, तोही कधी एका जागी न सापडणारा. हे लक्षात ठेवलं नाही तर आईचं वागणं वेडेपणाचं वाटेल. मला तर लक्षात ठेवूनही तसंच वाटतं.

आम्ही जोगेश्वरी पूर्वेला चाळीत राहायचो. बाबा अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर होते. मी, ताई, आई, बाबा आणि वर्षा-दीड वर्षातून कधीतरी उगवणारा मामा. तो कधी कळवून यायचा नाही. गॅलरीच्या टोकाला त्याची रेक्झिनची बॅग आधी दिसायची, मग दाढी, आणि मग सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा आवाज, “गो बाये, आसस काय घरात?” आई हातातलं टाकून धावायची. तिला तसं धावताना मी एरवी कधीच पाहिलं नाही, अगदी नळाला पाणी आल्यावरसुद्धा नाही.

त्याने केलं काय नव्हतं! नाटक कंपनीचे पडदे रंगवले, सर्कशीचे वाघ-सिंह कापडावर काढले, मग बोटीवर लागला. बोटीवर तो ‘आर्टिस्ट’ होता असं गावात सांगतात. बाबांनी एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं की गंज खरवडायचा आणि त्यावर तांबडा रंग मारायचा, ही त्याची कला. पण बसरा, मोंबासा, रंगून, जावा ही नावं तो अशी काही घ्यायचा की चाळीतली माणसं जेवणं सोडून आमच्या उंबऱ्याशी येऊन बसायची. एका बंदरावर म्हणे त्याने राजाच्या मुलीचं चित्र काढलं होतं. कुठला राजा ते दर खेपेला बदलायचं. कोणी हटकलं तर म्हणायचा, “बंदरां काय थोडी आसत रे?” आणि लोक हसायचे. लोकांचं काय जात होतं म्हणा. पाहुणा आमच्याकडे, गमती त्यांना फुकट.

आणि चीड आणणारी गोष्ट ही की त्याचा हात खरोखर चांगला होता. कोळशाचा तुकडा घेऊन तो भिंतीवर बैल काढायला लागला की चार रेघांत बैल उभा राहायचा. पण चारच रेघांत. पाचवी रेघ ओढायचा त्याला कंटाळा होता. आमच्या भिंतीवर आईचं एक चित्र होतं, त्याने भाऊबीजेला काढून दिलेलं. ओवाळणीत घालायला काही आणलं नव्हतं म्हणून म्हणाला, “यंदा तुझा चित्र काढतंय.” तोंड अगदी हुबेहूब उतरलं. मग हात काढायचे राहिले. हात अवघड असतात, पुढच्या खेपेला करतो, म्हणाला. आई त्या चित्रात कायमची खांद्यापर्यंतच राहिली, आणि ती खऱ्या हातांनी त्याचे सदरे धूत बसायची.

हो, सदरे. आल्या आल्या तो बॅगेतला मळका ढीग मोरीत ओतायचा. या माणसाने आयुष्यात स्वतःचा रुमाल कधी पिळला नाही. बाबा एकदा जेवताना म्हणाले, “तुझा भाऊ जग बघून आला, पण आपलं ताट आपण उचलायचं असतं हे कुठल्या बंदरात दिसलं नाही वाटतं त्याला.” आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही.

बरं, तो नसला की जास्त वैताग. दिवाळीला चाळीतल्या सगळ्या बायकांचे भाऊ यायचे, नाही तर काहीतरी पाठवायचे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गॅलरीत साड्या दाखवायची पद्धतच होती. आई दिवाळीच्या आधी मला घेऊन घाटकोपरला जायची. साडीचं दुकान जोगेश्वरीतही होतं, अंधेरीत तर रग्गड, पण तिथे ओळखीची माणसं भेटतात. म्हणून दोन बस बदलून घाटकोपर. तिथे ती स्वतःसाठी साडी घ्यायची, दुकानाचं नाव असलेली पिशवी तिथेच टाकून द्यायची आणि साडी घरून आणलेल्या जुन्या पंच्यात गुंडाळायची. मग गॅलरीत सांगायची, “भावाने पाठवली, कोणातरी येणाऱ्याबरोबर.” बायका पदर हातात घेऊन म्हणायच्या, “झकास आहे हां! परदेशी दिसते.” आई खुश. मी शेजारी उभी राहून दातओठ खायची.

“तू खोटं का बोलतेस?” मी एकदा विचारलंच.

“खोटं काय त्यात?” ती म्हणाली. “त्याच्या मनात असतंच गं. फक्त तो लांब असतो.”

दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते आईने कधी ऐकलं नसावं.

मग ताईचं लग्न ठरलं. मुलगा मुलुंडचा, बँकेत. माणसं चांगली, पण रीतीभातीला पक्की. आमच्यात मुलगी गौरीहर पुजायला बसते ती मामाने दिलेली पिवळी साडी नेसून, आणि मामाच तिला हात धरून बोहल्यावर आणतो. बैठकीत मुलाच्या आईने सहज विचारलं, “पिवळी मामाकडचीच ना?” आई ताठ बसून म्हणाली, “म्हणजे काय? एकुलता एक भाऊ आहे माझा.” घरी येताना मी म्हटलं, “घाटकोपरला कधी जायचं?” तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या भावाला शिवी दिली. “नाही जायचं,” ती म्हणाली. “एवढी एक साडी मला त्याच्या हातची हवी आहे. बाकी आयुष्यात काही मागणार नाही मी त्याच्याकडे.”

तार केली. आणि आश्चर्य म्हणजे मामा लग्नाच्या चांगला आठवडाभर आधी हजर झाला. बॅगेत पांढरं सुती लुगडं. म्हणाला, बाजारातली साडी कोणीही देईल, मी माझ्या हाताने रंगवून देतो. जावात शिकलेलं बाटिक. मेणाने चित्र काढायचं, मग कापड रंगात बुडवायचं, मेण लावलेली जागा पांढरी राहते. रंग कुठला? तर अस्सल हळदीचा. “नवरीच्या अंगाक केमिकल कशाक?” आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला पहिल्यांदाच वाटलं की आपण या माणसाला उगाच बोलतो की काय.

लग्नघरातली कामं बाजूला पडली. आई आणि मी हळकुंडं कुटायला बसलो, ताई रंग पक्का बसायला लागणारी तुरटी फोडायला. लाडू राहिले, पापड राहिले. मामा गॅलरीत चटई टाकून मेणाच्या कुंचल्याने पोपट काढत बसला. काठाला आंब्याची पानं, पदरावर पोपटांची जोडी. बाजूला चहाचे कप, भोवती चाळ जमलेली, आणि तोंडाने रंगूनची बाजारपेठ चालू. रंग चढवून त्याने लुगडं दोरीवर टाकलं आणि खरं सांगते, ते सुंदर होतं. नुकत्या काढलेल्या आंब्याच्या रसासारखं पिवळं, आणि त्यात पांढरे पोपट. खालच्या मजल्यावरच्या बायका वर येऊन बघून गेल्या. आई दोरीखाली उभी होती. आतापर्यंत भाऊबीजेला बोललेलं सगळं खोटं त्या एका लुगड्याने खरं केलंय, असा तिचा चेहरा झाला होता.

राहिलं होतं फक्त मेण काढणं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्या बायका ताईला घेऊन चुडा भरायला कासाराकडे गेलो. मामा घरी एकटा. मेण निघायचं तर कापड उकळत्या पाण्यात घालावं लागतं, आणि पाण्यात काहीतरी साबणासारखं टाकलं की पटकन सुटतं, एवढं त्याला जावात दिसलं होतं. त्याने स्टोव्हवर मोठं पातेलं चढवलं आणि मोरीच्या कोनाड्यातला कपड्यांचा सोडा ओंजळ भरून त्यात टाकला.

ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी आमटीचा डाग धुतला आहे तिला पुढचं सांगायला नको. हळदीला साबण-सोडा लागला की ती लाल होते. पोरीबाळींनाही माहीत असतं. माहीत नव्हतं ते फक्त या जग पाहिलेल्या माणसाला, कारण त्याच्या आमटीचे डाग नेहमी दुसरंच कोणीतरी धूत आलेलं होतं.

आम्ही हिरव्या बांगड्या किणकिणवत वर आलो तर दोरीवर वाळलेल्या रक्ताच्या रंगाचं लुगडं. आई हळूच म्हणाली, “अरे, ह्यां काय केलंस रे?”

मामाने आधी हळदीला दोष दिला. भेसळ असणार. मग पाण्याला. “तुमच्या जोगेश्वरीच्या पाण्यातच खोट आसा.” नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. एवढ्यात पलीकडच्या खोलीतल्या काकू आल्या. नगरकडच्या, तोंडाच्या फटकळ, पण हाताला उरक असलेल्या. त्यांनी लुगडं बघितलं आणि म्हणाल्या, “रडताय काय बयांनो? सोड्याने लाल झालं, आंबटाने उतरंल. लिंबू आणा.” लग्नघरात लिंबांना काय तोटा! त्यांनी अर्धं लिंबू घेऊन पदराच्या टोकाला चोळलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत तिथे पिवळा ठिपका उमटला. तोच, आंब्याच्या रसाचा. आईने लिंबांची पाटीच ओढली.

आणि मामाने लुगडं दोरीवरून खेचून घेतलं.

“खुळ्यो की काय तुम्ही?” तो म्हणाला. “बघा तरी जरा. असो रंग हजारात एकदा गावता. मुद्दाम करूक गेल्यास तर होवचो नाय. लिंबू चोळतास ह्येच्यार?”

आम्हाला वाटलं तो चेष्टा करतोय. पण त्याचे डोळे खरोखर चमकत होते. तो लुगडं उजेडात धरून मागेपुढे होत होता, त्या लाल रंगातले पांढरे पोपट बघत होता. आम्ही तिथे आहोत हेच त्याच्या गावी नव्हतं.

ताई रडत म्हणाली, “मामा, अरे उद्या लग्न आहे माझं. मला पिवळी हवी.”

“पिवळी काय गो,” तो म्हणाला, “बाजारातसुद्धा गावता.”

मी आईकडे बघितलं. तिच्या हातातलं लिंबू तसंच होतं. मला वाटलं आता तरी ती फाडफाड बोलेल. आयुष्यभराचं साचलेलं एकदाचं बाहेर येईल आणि ते कापड त्याच्या हातातून ओढून घेईल. तिने लिंबू पाटीत ठेवलं, हात पुसले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि चपला घातल्या. मी बरोबर निघाले तर म्हणाली, “तू ताईजवळ बस.”

दिवेलागणीच्या आत ती परत आली आणि थेट मामाच्या बॅगेशी जाऊन वाकली. जुन्या पंच्यात गुंडाळलेली पिवळी साडी तिने ताईच्या मांडीवर ठेवली, आणि दारात जमलेल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, “वेंधळा आहे अगदी. मुळात आणलेली साडी बॅगेच्या तळाशी होती आणि विसरला होता.”

मामा खाटेवर बसून चहा पीत होता. त्याने ऐकलं. माणूस लाजेने निदान मान खाली घालतो. हा कप खाली ठेवून बायकांना म्हणाला, “कायम एक जादा हाताशी ठेवूक व्हयी.”

दुसऱ्या दिवशी मामाने ताईला झोकात बोहल्यावर आणलं. ताईच्या सासूने साडीचा पोत बोटांनी चाचपून म्हटलं, “मामांची पसंती आहे हो!” मामाने त्यांना दोन शब्दांत मोकळं केलं नाही. त्याने त्यांना रेशमाची अख्खी जन्मकथा ऐकवली, चीनपासून सुरुवात करून. मी अक्षता हातात घेऊन उभी होते, आणि त्या कोणाच्या डोक्यावर टाकाव्यात याबद्दल माझ्या मनात भलतेच विचार येत होते.

ते लाल लुगडं तो गावी घेऊन गेला. पुढे वाचनालयाच्या सभागृहात ते काचेत लागलं. खाली पाटी, ‘कोकणच्या मातीचा रंग’. चिटणीस म्हणतात तेच स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर घ्यायचं आहे. जरूर घ्या. पदराच्या टोकाला एक पिवळसर ठिपका होता. फोटो काढताना तो झाकू नका, एवढंच सांगणं आहे.

नंतरच्या वर्षांत मामाचं येणं आणखी कमी झालं. नेपाळ, रामेश्वर, कुठे कुठे असायचा. आई मात्र दिवाळीच्या आधी घाटकोपरला जातच राहिली. एका वर्षी तिने दोन साड्या घेतल्या. एक नेहमीसारखी भाऊबीजेची, आणि दुसरी हिरवी, चांगली जड काठाची. ती हिरवी तिने गॅलरीत दाखवली नाही. घडी न मोडता ट्रंकेत तळाशी ठेवून दिली. मी विचारलं, “ही कोणाला?” तर म्हणाली, “असूदे. कधी लागली तर तुमची धावपळ नको.” मला वाटलं कोणाच्या लग्नकार्यासाठी असेल.

त्यानंतर पाऊस संपता संपता आईला ताप आला. साधा ताप म्हणून आम्ही गोळ्या देत राहिलो. तो साधा नव्हता. हॉस्पिटलमधून तिला परत आणली तेव्हा ती बोलत नव्हती. शेवटी शेवटी एकदा तिने डोळे उघडून दाराकडे बघितलं, एवढंच. कोणाला शोधत होती ते मी लिहिणार नाही. मामाला आम्ही दोन ठिकाणी तारा केल्या होत्या. एकही उत्तर आलं नाही.

आई सवाष्ण गेली. सवाष्ण बाईला शेवटचं वस्त्र माहेरचं लागतं. आंघोळ घालायला जमलेल्या बायकांपैकी काकूंनीच अखेर मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरी, माहेरून कोणी आलंय का गं? नसलं तर तसं सांग. आमच्यापैकी कोणीतरी देतं माहेरच्या नात्याने. काही कमीपणा नाही त्यात.”

तेव्हा मला ट्रंकेतली ती हिरवी साडी आठवली, आणि आईने ती का घेतली होती ते कळलं. तिने आपलं ते वस्त्रही आपणच आणून ठेवलं होतं. इतकी वर्षं भाऊ भाऊ करणाऱ्या त्या बाईला तो येणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. आम्हालाच ती खुळी वाटत होती. मला तिचा इतका राग आला की तिथेच ओरडावंसं वाटलं. ट्रंक उघडली, साडी काढली. घरात चाळीतल्या बायका दाटीने उभ्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्या हातांकडे. मी म्हटलं, “मामाने मागेच पाठवून ठेवली आहे.”

ताईने माझ्याकडे बघितलं, आणि घडी मोडायला पुढे झाली. आईला हिरवा रंग शोभला. बायकाही तसंच म्हणाल्या.

मामा आला तो थेट तेराव्याला. गॅलरीच्या टोकाला बॅग, मग पांढरी झालेली दाढी. आवाज नव्हता. आत येऊन तो आईच्या त्या बिनहाताच्या चित्राखाली बसला आणि ढसाढसा रडला. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. रडणं त्याला नेहमीच चांगलं जमायचं. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “मन घट्ट करा, दादा. तुमची साडी नेसूनच गेली हो. माहेरचं वस्त्र मिळालं तिला, भाग्याची बाई.”

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघत राहिले. मला आजही पक्कं आठवतं, मी मनात म्हणत होते, आता एकदा, फक्त एकदा म्हण की ती मी दिलेली नाही. मग मी मागचं सगळं सोडून देईन, हळदीचं लुगडंसुद्धा.

त्याने उपरण्याने डोळे पुसले. “हो,” तो म्हणाला, “खास तिच्यासाठीच घेऊन ठेवलेली.”

पानं वाढायची वेळ झाली तशी मी पत्रावळी आणायला गॅलरीत गेले. तो माझ्या मागोमाग बाहेर आला. कठड्याला टेकला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “रंग खयचो होतो गो?”

“हिरवा,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. जिन्यावरून ताईचे सासरे येत होते. त्यांना नमस्कार करून मामा त्यांच्याबरोबर आत गेला, आणि पाटावर बसता बसता त्याने त्यांना त्या साडीची हकीकत सांगितली, रंगासकट.